वेदीकडे पाठ

"वेदीकडे पाठ करून कोणी उभं राहणार असेल, तर माझा त्याला विरोध आहे," सुभेदार रणपिसे म्हणाले आणि टोपी मांडीवर ठेवून खाली बसले.

रविवारची उपासना नुकतीच संपली होती. चर्चला लागून असलेल्या खोलीत कमिटी बसली होती. मधल्या खुर्चीत पाळकसाहेब उमाप, त्यांच्या एका बाजूला सुभेदार, दुसऱ्या बाजूला माझे वडील, आणखी दोघेतिघे, आणि महिला मंडळातर्फे मी. मी तेव्हा तेवीस-चोवीस वर्षांची असेन, गावच्या शाळेत शिकवत होते. बांगलादेशच्या लढाईच्या आदल्या वर्षाची ही गोष्ट.

आमचं दिवखार हे खाडीच्या तोंडाशी वसलेलं गाव. गावात चर्च होतं तशी बेने इस्रायलांची, म्हणजे कोकणातल्या ज्यूंची, आळीही होती. त्यांच्या प्रार्थनाघराला, म्हणजे सिनेगॉगला, तेही मशीद म्हणत आणि गावही मशीदच म्हणे. त्या श्रावणात वादळ झालं, मशिदीचं मुख्य बहाल मोडलं, अर्धं छप्पर आत आलं, आणि सरकारी इंजिनियर येऊन दाराला कुलूप लावून गेला. त्यांचा सर्वांत मोठा दिवस, किप्पूर, जवळ येत होता. दरफाळणीचा, म्हणजे दारं मिटण्याचा सण म्हणतात ते त्याला. आदल्या संध्याकाळपासून कडक उपास, पांढरे कपडे आणि दिवसभर प्रार्थना. त्या वर्षी तो शनिवारी येत होता. दुसरी मशीद खाडीपलीकडे, आणि त्या दिवशी ती माणसं गाडीत बसत नाहीत की होडीत पाय ठेवत नाहीत. शाळा शनिवारी चालू. आसपासच्या वाड्यांतली कुटुंबंही आमच्याच गावात जमायची, तेव्हा बायकामुलं धरून एवढ्यांना पुरेल असं घर आळीत कोणाचंच नव्हतं. पाळकसाहेबांनी आपण होऊन विषय काढला. शनिवारी आपलं चर्च रिकामंच असतं, त्यांना देऊ या.

सगळ्यांनी माना हलवल्या. मग कोणीतरी विचारलं, ते तोंड कुठं करणार?

आणि तिथं घोडं अडलं. ज्यू माणूस जगात कुठंही असला तरी यरुशलेमेकडे तोंड करून प्रार्थना करतो. कोकणातून यरुशलेम पश्चिमेला, समुद्रापलीकडे. आमचं चर्च मात्र जुन्या रीतीनं बांधलेलं: वेदी आणि क्रूस पूर्वेला, मोठं दार पश्चिमेला. म्हणजे ते लोक दाराकडे तोंड करणार आणि दिवसभर आमच्या वेदीकडे त्यांची पाठ असणार. एका गृहस्थांनी सुचवलं की एक दिवस त्यांनी आमच्यासारखं पूर्वेला तोंड करावं. वडिलांनी हळूच सांगितलं की तसं झालं तर त्यांना क्रूसापुढं वाकावं लागेल. त्यापेक्षा ते उघड्यावर, उन्हात उभे राहतील.

वडिलांना हे माहीत असणारच. त्यांचा जन्म त्याच आळीतला. योनाथान एलियाजी दिवखारकर. तरुणपणी त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि माझ्या आईशी लग्न केलं. तेव्हापासून त्यांचे थोरले भाऊ रहमिम त्यांच्याशी एक शब्द बोलले नव्हते. मशिदीत प्रार्थना चालवायचे ते रहमिमच. गाव एवढंसं, बाजार एकच, भाऊ रोज एकमेकांना दिसत आणि रोज एकमेकांच्या बाजूनं निघून जात.

"सुभेदार," पाळकसाहेब म्हणाले, "तुमचं म्हणणं नीट सांगा."

सुभेदार पुन्हा उभे राहिले. ते पलटणीतून निवृत्त झालेले, सहा फूट उंच, कमी बोलणारे.

"माझ्या आजाला गावच्या देवळाच्या पायरीपर्यंत जाऊ देत नव्हते," ते म्हणाले. "वाटेत मोठी माणसं आली की तोंड फिरवून भिंतीकडे बघत उभं राहायचं. ह्या चर्चचा पाया खणला तेव्हा त्यानं डोक्यावरून माती वाहिली. देवासमोर तोंड करून तो आयुष्यात पहिल्यांदा उभा राहिला तो इथं. माझी आई म्हातारी झाली तरी उपासना संपल्यावर उलट पावली दारापर्यंत जायची. वेदीकडे पाठ करायची नाही म्हणून. मग दिवसभर पाठ करून उभी राहिलेली माणसं मी कशी बघू?"

सुभेदार खाली बसले.

वडील कमिटीत फारसं तोंड उघडत नसत. बंदरखात्यात कारकुनी करून त्यांना गप्प राहायची सवय लागली होती. त्या दिवशी त्यांनी सुभेदारांकडे वळून विचारलं, "आपला प्रभू प्रार्थना करायचा तेव्हा कुठं तोंड करत असेल?"

सुभेदारांनी नजर वर केली.

"त्याच्यासमोर क्रूस नव्हता," वडील म्हणाले. "तो यहुदी आईचा मुलगा. तोही यरुशलेमेच्या मंदिराकडेच बघत असणार. माझा भाऊ कशाकडेही पाठ करत नाही, सुभेदार. तो एकीकडे तोंड करतो. पाठ आपोआप होते."

'माझा भाऊ' हे शब्द मी वडिलांच्या तोंडून त्या दिवशी पहिल्यांदा ऐकले.

पाळकसाहेब थोडं हसले. म्हणाले, हेच चर्च विलायतेत असतं, तर वेदीही पूर्वेला आणि यरुशलेमही पूर्वेकडेच. दोघांची तोंडं एकाच बाजूला झाली असती आणि आपल्याला हा विषयच कळला नसता. शेवटी असं ठरलं की वेदीवर पांढरा पडदा सोडावा. मग पाठ पडद्याकडे होईल, वेदीकडे नाही. सुभेदारांना ते पटलं नव्हतं, पण त्यांनी मान हलवली. आता आळीत निरोप कोणी न्यायचा? सगळ्यांनी वडिलांकडे पाहिलं आणि वडिलांनी माझ्याकडे.

रहमिम प्राथमिक शाळेचे निवृत्त हेडमास्तर. मी चार वर्षं त्यांच्या हाताखाली शिकले होते. हजेरी घेताना ते "सलोमी योनाथान" असं पूर्ण नाव घेत, मान वर न करता. इतरांना मिळे तेवढीच छडी मला मिळे आणि तेवढीच शाबासकी. मी त्यांना काका कधी म्हटलं नव्हतं, गुरुजीच म्हणत असे. त्यांच्या घराचा उंबरा मी त्या दिवशी पहिल्यांदा ओलांडला.

सेगुलाबाई, म्हणजे माझी काकू, तांदूळ निवडत बसली होती. तिनं मला बघितलं, सूप बाजूला ठेवलं आणि काही न विचारता पाणी आणून दिलं. गुरुजी झोपाळ्यावर होते.

"कमिटीनं पाठवलं की त्यानं?"

"कमिटीनं."

मी निरोप सांगितला. सुभेदारांचा विरोधही सांगितला, त्यांच्या आजाची आणि आईची गोष्टही सांगितली. गुरुजींनी मध्येच विचारलं, "आणि तो काय म्हणाला?" वडिलांचे शब्द मला पाठच झाले होते, ते जसेच्या तसे सांगितले. शेवटचं वाक्य त्यांनी मला पुन्हा म्हणायला लावलं, शाळेत लावत तसंच.

मग म्हणाले, "पडदा नको."

मला वाटलं, मला नीट ऐकू आलं नाही. पडदा त्यांच्याच सोयीचा होता. क्रूस झाकला गेला असता.

"ज्यांच्या घरी आम्ही जायचं, त्यांनी आमच्यासाठी आपलं दैवत झाकायचं? असं मागणारा मी कोण?" गुरुजी म्हणाले. "सुभेदारांना सांग, वेदी रोज असते तशी राहू दे. आमचं तोंड जिकडे आहे तिकडे असेल. मागं काय आहे ते आम्ही बघत नाही, आणि जे आहे त्याचा अनादरही करत नाही. आम्ही बाजूच्या दारानं आत येऊ आणि बाजूच्या दारानं बाहेर जाऊ. पश्चिमेचं मोठं दार तेवढं उघडं ठेवा. समुद्राकडचा वारा येईल."

मी उठले. दारापर्यंत गेले आणि राहवलं नाही म्हणून विचारलं, वडिलांना काही सांगायचंय का?

"त्याला काही सांगायचं असतं तर मी गेलो नसतो का?" ते म्हणाले.

आळीतही हे सहज पचलं नव्हतं, ते मला मागाहून कळलं. हानोक नावाचे एक गृहस्थ होते, जरा तापट. त्यांनी सगळ्यांसमोर म्हटलं की मिशनवाल्यांनी आपला एक माणूस ह्याच दारातून आत नेला, आता सगळ्यांनाच न्यायला निघालेत. गुरुजींनी त्यांना तिथंच थांबवलं होतं. त्याला कोणी नेला नव्हता, तो स्वतःच्या पायानं गेला, त्याचा राग मला आहे, पण त्यासाठी खोटं बोलू देणार नाही, असं ते म्हणाले होते.

मी सुभेदारांच्या घरी गेले आणि 'पडदा नको' सांगितलं. ते ओट्यावर बसून विळ्याला धार लावत होते. हात थांबला.

"गुरुजी स्वतः म्हणाले?"

"स्वतः."

त्यांनी विळा बाजूला ठेवला. मग म्हणाले, "मग ठीक आहे."

शुक्रवारी दुपारी चर्चमधली बाकं फिरवायची होती. जुनी सागवानी बाकं, दोघांना एक उचलेना. आम्ही सुरुवात करतो न करतो तोच सुभेदार आले, पलटणीतली खाकी अर्धी चड्डी घालून, हातात सुतळीचा गुंडा. सुतळी ताणून त्यांनी एकेक बाक रांगेत लावून घेतलं. सगळी बाकं पश्चिमेला फिरल्यावर मी एका बाकावर बसून पाहिलं. लहानपणापासून मी तिथं बसत होते, पण ह्या बाजूनं चर्च कधी बघितलंच नव्हतं. समोर उघडं दार, दारातून दिसणाऱ्या माडांच्या दोन रांगा आणि त्यांच्यामध्ये समुद्राची चमकती पट्टी.

दाराच्या उजव्या अंगाला, पश्चिमेच्या भिंतीला लागून टेबल मांडलं. उन्हं कलायच्या आधी आळीतली माणसं तोरेची, म्हणजे त्यांच्या धर्मग्रंथाची, गुंडाळी घेऊन आली. मखमलीचं आवरण, वर चांदीच्या घंट्या. गुरुजींनी ती छातीशी धरली होती. वडील बाजूच्या दाराशी सरकून उभे राहिले. गुंडाळी त्यांच्यासमोरून गेली तेव्हा त्यांचा हात उचलला गेला. आळीतली माणसं तिला स्पर्श करून बोटं ओठांना लावतात, तसा. हात अर्ध्यावर आला आणि खाली गेला. गुरुजींनी तो पाहिला की नाही, मला सांगता येणार नाही. ते सरळ समोर बघत चालत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून वडील बाजूच्या दाराबाहेर स्टूल टाकून बसले. आत कोणी नको तेव्हा शिरू नये, मुलांनी गोंगाट करू नये, एवढ्यासाठी. ते काही खात नव्हते. आईनं डबा पाठवला नाही. ते जेवणार नाहीत हे तिनं न विचारताच ओळखलं होतं. मी येऊनजाऊन असायची. आत पुरुष पुढं, पांढरे कपडे, खांद्यावर झालरीची शाल. बायका मागच्या बाकांवर, म्हणजे आमच्या वेदीच्या जवळ. माझी काकू सर्वांत मागं, क्रूसापासून चार हातांवर. तिनं दिवसभर मागं वळून पाहिलं नाही. गुरुजींचा आवाज मात्र मला नवीन होता. शाळेतला तो कोरडा आवाज नव्हेच. हिब्रू मला येत नव्हतं, पण वडील स्टुलावर बसून ओठ हलवत नव्हते, तरी ते प्रत्येक शब्दाच्या आधीच तिथं पोचलेले असत, हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळे.

त्यांच्यात अशी रीत आहे की दहा प्रौढ पुरुष जमल्याशिवाय तोरा उघडून वाचता येत नाही आणि काही प्रार्थना सगळ्यांनी मिळून म्हणता येत नाहीत. पूर्वी आमच्या आळीत दहा ही काही अडचण नव्हती. पण गेल्या काही वर्षांत घरं भराभर इस्रायलला गेली होती, काही मुंबईला. त्या दिवशी मोजून दहाच होते, आणि दहावे होते शालोमकाका, ऐंशीच्या पुढचे. ऑक्टोबरचा उकाडा आणि तोंडात पाणी नाही. दुपारी त्यांना घेरी आली. दोघांनी धरून त्यांना घरी पोचवलं आणि परत आले. दुपार अशीच गेली. सूर्य माडांच्या शेंड्यांवर आला, शेवटच्या प्रार्थनेची वेळ झाली, आणि आतला आवाज थांबला.

मी दारातून डोकावले. नऊ पुरुष उभे होते आणि कोणी कोणाकडे बघत नव्हतं. वर्षभराचं सगळं त्या शेवटच्या प्रार्थनेवर येऊन टेकतं, असं त्यांच्यात मानतात. त्या वेळी स्वर्गाची दारं मिटत असतात.

हानोक बाजूच्या दाराशी आले. त्यांच्यामागे गुरुजी. हानोकांनी वडिलांकडे बोट केलं, पण बोलले ते गुरुजींशी.

"हा इथं बसलाय. आठव्या दिवशी ह्याची सुंता झाली ती आपल्याच आळीत. जन्मानं जो आहे तो आहे. घ्या त्याला आत."

गुरुजी काही बोलले नाहीत. हो नाही, नको नाही. ते भावाकडे बघत उभे राहिले. इतक्या वर्षांत त्यांनी त्याच्याकडे असं समोरून पाहिलं नसेल.

वडील स्टुलावरून उठले होते. त्यांचा चेहरा मी कधी विसरणार नाही. एक पाऊल उंबऱ्याच्या आत टाकायचं होतं. कोणी अडवलं नसतं, आणि आमच्या चर्चमध्येही कोणाला कळलं नसतं. मीसुद्धा मनात म्हणत होते, जा, जा आत.

"दादा, मला दहांत धरू नका," वडील म्हणाले. "मी बाप्तिस्मा घेतला तो मनापासून घेतला. आता तिकडे तोंड करून उभा राहिलो, तर माझं तोंड खोटं होईल. आणि तुमची प्रार्थनाही."

मग ते माझ्याकडे वळले. "सुभेदारांना बोलाव. शालोमकाकांना आणू."

शालोमकाका गाडीत बसणार नाहीत हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि त्या दिवशी आळीतल्या माणसांना ओझं वाहता येत नाही, हेही. मी धावतच सुटले. सुभेदार ओट्यावर रेडिओ ऐकत होते. मी धापा टाकत सगळं सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, "म्हाताऱ्याचं वजन किती असेल?"

धावपळ ऐकून पाळकसाहेबही आले आणि त्यांची उंच पाठीची खुर्ची बाहेर काढली. सुभेदारांनी कुंपणाचे दोन जाड बांबू उपसले आणि शुक्रवारच्याच सुतळीनं ते खुर्चीच्या हातांखाली असे आवळले, की पलटणीत त्यांनी किती जखमी वाहिले असतील ते दिसलं. पुढे सुभेदार आणि वडील, मागे पाळकसाहेब.

"चौथा कोण?" सुभेदारांनी विचारलं. रस्त्यावर दुसरं कोणी नव्हतं.

"मी."

त्यांनी मला एकदा पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. "पदर खोच," म्हणाले.

शालोमकाका खाटेवर पडून होते, शुद्धीवर, पण उठण्याची ताकद नव्हती. बायकोनं पाण्याचा पेला उशाशी ठेवला होता, त्याला त्यांनी हात लावला नव्हता. आम्हाला बघून ते पुटपुटले की मी गाडीत बसणार नाही.

"गाडी नाही, काका. माणसं आहेत," सुभेदार म्हणाले.

"कुठली माणसं?"

"चर्चची."

म्हाताऱ्यानं जरा विचार केला. "सावकाश न्या," म्हणाले आणि शालीसाठी हात पुढं केला.

आम्ही बाजारातून निघालो. सुभेदारांचं पाऊल लांब, त्यामुळे मला अर्धं पळत चालावं लागत होतं. बांबू खांद्यात रुतत होता. दुकानांतली माणसं उठून बाहेर आली. कोळणी टोपल्या घेऊन बसल्या होत्या, त्यांनी त्या मागं ओढून वाट मोकळी केली. कोणी विचारलं नाही, काय झालं म्हणून. खुर्चीत पांढऱ्या कपड्यांतला, झालरीची शाल पांघरलेला म्हातारा ताठ बसला होता, दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर, आणि गावभर बघत चालला होता.

बाजूच्या दारातून बांबू आत जाईनात. तेव्हा आम्ही वळसा घालून पश्चिमेच्या मोठ्या दाराशी आलो.

इतके दिवस मी पाठींचाच विचार करत होते. कोणाची पाठ कशाकडे, हेच ऐकत होते. हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं की आम्ही त्या दारातून आत शिरू तेव्हा आमची तोंडं पूर्वेला असतील आणि त्यांची पश्चिमेला. आम्ही आत पाऊल टाकलं आणि ती सगळी माणसं आमच्या समोर होती. आमच्या पाठीमागून उन्हं आत जात होती आणि त्यांच्या पांढऱ्या कपड्यांवर, चेहऱ्यांवर पडत होती. त्यांच्या डोक्यांवरून, पार पलीकडे, आमचा क्रूस दिसत होता, उघडा.

गुरुजी टेबलाशी उभे होते. त्यांनी आधी शालोमकाकांकडे पाहिलं. मग त्यांची नजर बांबूवरून सरकत पुढच्या खांद्यावर आली, माझ्या वडिलांच्या. तिथं ती थांबली.

आम्ही खुर्ची टेकवली. सुभेदार ताठ उभे राहिले, वेदीकडे बघून त्यांनी मान झुकवली, आणि मग उलट पावली दाराबाहेर गेले. आम्हीही तसेच गेलो. बाहेर पोचतो तोच आतून आवाज उठला, दहाही जणांचा एकदम.

आम्ही चौघं अंगणात उभे राहिलो. कोणी घरी गेलं नाही. सूर्य पाण्यात बुडाला, पहिल्या चांदण्या दिसल्या आणि आतून शोफार वाजला, एडक्याचं शिंग. एकच लांब सूर, तुटेल तुटेल असं वाटतं पण तुटत नाही असा. सुभेदार सावधान उभे होते. पाळकसाहेबांनी डोळे मिटले होते. वडील चर्चच्या भिंतीला हात टेकून उभे होते.

मग माणसं बाहेर आली. गुरुजींनी पाळकसाहेबांना आणि सुभेदारांना हात जोडले, दोन शब्द बोलले. माझ्या डोक्यावर हात ठेवला. वडिलांच्या समोरून ते गेले आणि थांबले नाहीत. मला संताप आला. घरी येताना मी बोललेही. वडील म्हणाले, दिवसभराचा उपास आहे त्याचा, जाऊ दे.

पुढे वर्षभरात मशिदीचं छप्पर झालं. त्यानंतर काही वर्षांनी काका आणि काकू मुलाकडे इस्रायलला गेले आणि तिकडेच त्यांचं आयुष्य संपलं. वडील इथल्या मातीत, समुद्राकाठच्या आमच्या दफनभूमीत आहेत. मी आता सत्तरी ओलांडली आहे. नातवंडं दोघांचे फोटो शेजारी ठेवून विचारतात, ह्यांचं पटायचं का? मी त्यांना त्या शनिवारनंतरचा रविवार सांगते.

किप्पूरच्या दुसऱ्या दिवसाला त्यांच्यात शिळा सण म्हणतात. त्या दिवशी एकमेकांकडे जायची पद्धत आहे. आम्ही उपासनेहून नुकतेच घरी आलो होतो. फाटक वाजलं. गुरुजी उभे होते, धुवट कोट, डोक्यावर काळी टोपी, हातात काठी. वडील कोचावरून उठले आणि उभेच राहिले.

"बसू का?" गुरुजींनी विचारलं.

ते बसले. वडील समोर बसले. मी दाराशी.

"काल हानोक म्हणाला तेव्हा मी गप्प बसलो," गुरुजी म्हणाले. "मला दहावा हवा होता. तू हो म्हणाला असतास, तर मी तुला आत घेतलं असतं. प्रार्थना झाली असती. पण आज मी इथं आलो नसतो."

वडील ऐकत होते.

"पंचवीस वर्षं मला वाटत आलं की तू सहज सोडलंस. जुना सदरा टाकावा तसं. आईबापांनी दिलेलं तुला जडच नव्हतं, असं मी धरून चाललो. जो सहज सोडतो तो सहज परतही येतो, योना. काल दार उघडं होतं आणि तू आला नाहीस. म्हणजे तेव्हाही तू सहज गेला नव्हतास."

"नव्हतो, दादा," वडील म्हणाले.

"ते मला काल कळलं."

वडिलांनी विचारलं, "मग राग गेला?"

"राग आहे," गुरुजी म्हणाले. "तो माझ्याबरोबरच जाईल. तुझी लाज वाटत होती, ती गेली."

वडिलांचे डोळे भरून आले, पण त्यांची मान ताठ होती. मी त्यांना इतकं ताठ बसलेलं कधी पाहिलं नव्हतं.

तेवढ्यात आई मागच्या दारानं आली. आमच्या भांड्यातलं ते घेणार नाहीत हे तिला ठाऊक होतं. तिच्या हातात नुकतंच उतरवलेलं शहाळं होतं, त्यांच्यासमोरच तिनं कोयत्यानं त्याचं तोंड उडवलं आणि दोन्ही हातांनी पुढं केलं. गुरुजींनी ते घेतलं. "मार्था, कुठल्या माडाचं?" त्यांनी विचारलं. तिनं खिडकीतून तो माड दाखवला. त्यांनी सगळं पाणी एका दमात पिऊन संपवलं.

निघताना वडील त्यांना पोचवायला फाटकापर्यंत गेले. मीही मागं होते. समोरून सुभेदार येत होते. त्यांनी गुरुजींना नमस्कार केला, गुरुजींनीही केला. मग गुरुजींनी काठी डाव्या हातात घेतली आणि उजवा हात वडिलांच्या खांद्यावर ठेवला, बांबूनं सोललेल्या त्याच खांद्यावर.

"सुभेदार," ते म्हणाले, "हा माझा धाकटा भाऊ. योनाथान एलियाजी."

सुभेदार आणि माझे वडील कितीतरी वर्षं एकाच कमिटीत, एकाच टेबलाशी बसत होते. सुभेदारांनी टाच टाचेला जुळवली, वडिलांकडे पाहिलं आणि हात पुढं केला.

"भेटून आनंद झाला," ते म्हणाले.